प्लीहेच्या आडोशाला

कापूरबावडीहून घोडबंदर रोडला लागलं की डाव्या हाताला येऊरचे डोंगर दिसतात आणि उजवीकडे, इमारतींच्या पलीकडे, खाडी असते. या दोहोंमधल्या पट्ट्यात एके काळी भातखाचरं आणि गावं-पाडे होते. आज मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा ते थेट गायमुखापर्यंत टॉवर उभे आहेत. जिथे नाहीत, तिथे उभे राहताहेत. बांधकाम आलं की पाणी आलं. ताज्या स्लॅबवर छोटे बांध घालून पाणी साठवावं लागतं, पिंपं भरून ठेवावी लागतात, लिफ्टसाठी खणलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचतं. हे पाणी गटाराचं नसतं, नितळ असतं. ॲनोफिलिस स्टिफेन्सी या डासाच्या मादीला अंडी घालायला असंच पाणी हवं असतं. आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्याचा उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

हा डास इथला जुना रहिवासी आहे. मुंबईत मलेरिया का पसरतो, याचा अहवाल सी. ए. बेंटली यांनी १९११ मध्ये दिला, तेव्हा त्यांचं बोट याच डासाकडे होतं. त्या काळी तो शहरातल्या विहिरींत वाढत असे. विहिरी झाकण्या-बुजवण्यावरून वादही झाले, कारण कित्येक विहिरींशी लोकांची श्रद्धा जोडलेली होती. पुढे विहिरींचा वापर थांबला, गच्चीवरच्या टाक्या आल्या, मग मोठमोठी बांधकामं आली. डासाने फक्त पत्ता बदलला. २०१२ मध्ये तो आफ्रिकेतल्या जिबुतीत सापडला आणि आता तिथल्या शहरांचीही झोप उडाली आहे.

डास एकटा मलेरिया देत नाही. त्याला आधी परजीवी असलेलं रक्त मिळावं लागतं. बांधकामावर येणारे मजूर अनेकदा झारखंड, ओडिशासारख्या मलेरिया जास्त असलेल्या राज्यांतून येतात आणि जाळी-मच्छरदाणीशिवाय साइटवरच झोपतात. आजारी पडले तरी खाडा परवडत नाही म्हणून ताप अंगावर काढतात. साइटवरचा डास पुढे शेजारच्या सोसायटीतही शिरतो. पावसाळ्यात थंडी वाजून ताप भरला, रक्त तपासलं आणि अहवालात ‘व्हायव्हॅक्स’ निघाला, की घरातले थोडे निश्चिंत होतात. मलेरियाच्या परजीवींपैकी फॅल्सिपेरम मेंदूपर्यंत जातो, व्हायव्हॅक्स म्हणजे आपला साधा मलेरिया, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अहवालात परजीवींचं प्रमाण सांगणारा एकच ‘प्लस’ असेल, तर मग विचारायलाच नको.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत प्रयोगशाळांमधून जे पुढे आलं आहे, त्याने या समजुतीखालची जमीन काढून घेतली आहे. व्हायव्हॅक्स रक्तात कमी दिसतो, कारण तो दुसरीकडे लपतो. त्या लपण्याच्या जागेची तयारी काही अंशी तरी आजारी पेशींतून सुटणाऱ्या अतिसूक्ष्म पुटिका करून देतात.

कोवळ्या पेशीचा केरकचरा

पुटिकांची गोष्ट मलेरियाच्या प्रयोगशाळेत सुरू झाली नाही. ती सुरू झाली मेंढीच्या आणि उंदराच्या रक्तात.

लाल पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. रक्तात उतरताना त्या पूर्ण पिकलेल्या नसतात. अशा कोवळ्या पेशींना रेटिक्युलोसाइट म्हणतात आणि निरोगी माणसाच्या रक्तात त्या शंभरात एक-दोनच असतात. हिमोग्लोबिन बनवण्यासाठी त्यांना लोह लागतं. ते आत ओढून घेण्यासाठी त्यांच्या पृष्ठभागावर ट्रान्सफेरिन नावाच्या लोहवाहू प्रथिनाला पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. एक-दोन दिवसांत पेशी पिकते, तिला लोहाची गरज उरत नाही आणि ग्राहक नाहीसे होतात. ते जातात कुठे?

१९८३ मध्ये मॉन्ट्रियलमधल्या रोझ जॉनस्टोन आणि सेंट लुईसमधल्या फिलिप स्टाल यांच्या गटांनी स्वतंत्रपणे याचं उत्तर शोधलं. पेशी हे ग्राहक आत ओढते, आपल्याच आवरणाच्या चिमुकल्या गोळ्यांमध्ये बांधते आणि त्या गोळ्या बाहेर टाकते. किराणा दुकानदार कागदाची पुडी बांधून देतो, तशी पेशी आपल्याच कातडीची पुडी बांधते. या पुड्यांना जॉनस्टोन यांनी पुढे एक्झोसोम असं नाव दिलं. त्या साधारण ३० ते १५० नॅनोमीटर आकाराच्या असतात. लाल पेशीचा व्यास सात हजार नॅनोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे शंभर नॅनोमीटरच्या सत्तर पुटिका एका रांगेत ठेवल्या, तर लाल पेशीची रुंदी भरेल. पेशीच्या आवरणातून थेट खुडून निघणाऱ्या काहीशा मोठ्या पुटिकाही असतात. त्या सगळ्यांना मिळून पेशीबाह्य पुटिका म्हटलं जातं.

बरीच वर्षं ही पेशीची केर काढण्याची पद्धत मानली गेली. मग लक्षात आलं की या पुटिकांमध्ये प्रथिनं, मेदद्रव्यं, आरएनए, क्वचित डीएनएसुद्धा असतं. दुसरी पेशी त्या गिळते आणि आतल्या मालानुसार तिचं वागणं बदलतं. शरीरातल्या जवळपास सर्वच पेशी अशा पुटिका सोडतात. जिवाणू, बुरशी आणि परजीवीही सोडतात.

व्हायव्हॅक्सच्या बाबतीत इथे एक विलक्षण गाठ पडते. हा परजीवी बहुतांशी कोवळ्या लाल पेशीतच शिरतो. कारण कळलं ते २०१८ मध्ये: आत शिरण्यासाठी तो ट्रान्सफेरिनचा तोच ग्राहक पकडतो. पेशीने ग्राहक पुटिकांत भरून टाकून दिले की व्हायव्हॅक्सला ते दार बंद होतं. म्हणून पेशी कोवळी असण्याच्या एक-दोन दिवसांतच त्याला शिरकाव साधावा लागतो. आत शिरल्यावर मात्र पेशीची पुटिका सोडण्याची सवय त्याच्या पथ्यावर पडते. आता त्या पुटिकांसोबत त्याची स्वतःची प्रथिनंही बाहेर जाऊ लागतात.

गजर आणि हूल

प्रतिकारशक्तीला या पुटिका काय सांगतात? उत्तर सरळ नाही, कारण त्या एकाच वेळी गजरही करतात आणि हूलही देतात.

गजराचा पुरावा आधी आला. २००४ मध्ये आफ्रिकेतल्या मलावीतली मुलं तपासली गेली. फॅल्सिपेरममुळे बेशुद्धीत गेलेल्या मुलांच्या रक्तात रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून सुटलेल्या पुटिका खूप वाढलेल्या आढळल्या. २०१० मध्ये उंदरांवरच्या कामातून दिसलं की मलेरियाग्रस्त लाल पेशींतून सुटलेल्या पुटिका मॅक्रोफेज या भक्षक पेशींना जोरदार चेतवतात. परजीवी असलेल्या अख्ख्या पेशीपेक्षाही पुटिकांचा परिणाम तीव्र होता. २०१८ मध्ये आणखी एक धागा मिळाला: फॅल्सिपेरमबाधित पेशींच्या पुटिका नैसर्गिक मारक पेशींनाही जागं करतात. मलेरियात ताप, अंगदुखी, गळून जाणं हे जे काही आपण भोगतो, त्यातला मोठा वाटा आपल्याच प्रतिकारशक्तीच्या या खवळण्याचा असतो.

आता हूल. तिच्याकडे नेणारा धागा आधी परजीवींच्या आपसातल्या संवादात सापडला. २०१३ मध्ये दोन संशोधनं जवळपास एकाच वेळी प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलियात नेटा रेगेव्ह-रुड्झकी आणि सहकाऱ्यांनी, तर अमेरिकेत मॅथियस मार्टी यांच्या गटाने दाखवलं की फॅल्सिपेरम असलेल्या लाल पेशी पुटिकांमार्फत एकमेकींशी संवाद साधतात. पुटिकांचं प्रमाण वाढलं की परजीवी नर-मादी अवस्थेकडे अधिक वळतात, म्हणजे डासात जाण्याच्या तयारीला लागतात. ही अवस्था तयार झाली की रुग्ण साथीचा दुवा बनतो.

२०१७ मध्ये रेगेव्ह-रुड्झकी यांच्या गटाने पुढचा टप्पा गाठला. पेशीत शिरल्यावर पहिल्या काही तासांतच परजीवी आपल्या डीएनएचे तुकडे पुटिकांत भरून पाठवतो. मोनोसाइट या पांढऱ्या पेशी त्या गिळतात. परका डीएनए पेशीच्या आत आल्याचं ओळखणारी एक यंत्रणा आपल्याकडे आहे, तिला स्टिंग म्हणतात. ती जागी होते आणि इंटरफेरॉनसारखी द्रव्यं सुटू लागतात. ही यंत्रणा प्रामुख्याने विषाणू आणि पेशीत घुसलेल्या जिवाणूंविरुद्ध कामी येते. संशोधकांच्या मते यात परजीवीचा डाव असू शकतो: पहारेकऱ्यांनी नको त्या दिशेला धावावं, तोवर आपण लाल पेशीत निवांत वाढावं. २०२१ मध्ये याच गटाने मोनोसाइटमधली आणखी एक चाल दाखवली. संरक्षक पेशींना बोलावून घेणारा सीएक्ससीएल-१० हा रेणू पुटिकांतल्या आरएनएमुळे तयारच होत नाही, किंवा फार कमी होतो.

यातलं बरंचसं ज्ञान फॅल्सिपेरमचं आहे, याला कारण आहे. फॅल्सिपेरम १९७६ पासून प्रयोगशाळेत सलग वाढवता येतो. व्हायव्हॅक्सला सतत ताज्या कोवळ्या पेशी लागतात, म्हणून तो तसा वाढवता येत नाही. त्याचा अभ्यास करायचा, तर रुग्णाच्या रक्तापाशीच जावं लागतं. बार्सिलोनातल्या एर्नांदो देल पोर्तिल्यो यांच्या गटाने तेच केलं.

प्लीहा: चाळणी आणि आसरा

डाव्या बरगड्यांखाली, निरोगी मोठ्या माणसात साधारण दीडशे ग्रॅम वजनाची प्लीहा असते. जुन्या, ताठरलेल्या, रोगट लाल पेशी गाळून नष्ट करणं हे तिचं रोजचं काम. मलेरियात तिच्यावर जास्तीचा भार येतो आणि ती फुगते. १८४० च्या दशकात यमुनेच्या कालव्यांलगतच्या गावांत ब्रिटिश डॉक्टर डेम्प्स्टर यांनी लोकांची पोटं चाचपून प्लीहा वाढलेल्यांची मोजणी केली होती. परजीवीचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी ‘प्लीहेचं प्रमाण’ हे मलेरिया मोजण्याचं माप बनलं होतं. फुगलेली प्लीहा म्हणजे लढणारी प्लीहा, असाच तिचा अर्थ लावला जाई.

बार्सिलोनाच्या गटाने २०२० मध्ये जे प्रसिद्ध केलं, त्याने हा अर्थ अपुरा ठरवला. त्यांनी व्हायव्हॅक्सच्या रुग्णांच्या रक्तातल्या पुटिका वेगळ्या काढल्या आणि तुलनेसाठी निरोगी माणसांच्याही घेतल्या. मानवी प्लीहेतल्या फायब्रोब्लास्ट या आधारपेशींना दोन्ही दिल्या. रुग्णांच्या पुटिकांनी या आधारपेशींतला एनएफ-कप्पा-बी नावाचा स्विच चालू केला. हा स्विच दाहाच्या वेळी अनेक जनुकं कामाला लावतो. त्याचा इथला परिणाम म्हणजे आयकॅम-१ हे चिकट प्रथिन पेशींच्या पृष्ठभागावर वाढलं. मग व्हायव्हॅक्स असलेल्या कोवळ्या लाल पेशी त्या आधारपेशींना जास्त प्रमाणात चिकटू लागल्या.

रक्तातून फिरत आलेल्या पुटिकांनी प्लीहेत आधी पोहोचून चिकटण्याची सोय केली आणि मागून येणाऱ्या परजीवींना तिथे थांबता आलं, असं हे चित्र आहे. रुग्णाच्या रक्तातल्या सगळ्याच पुटिका बाधित पेशींच्या नसतात. प्लेटलेट आणि इतर पेशींच्याही असतात, आणि आजारात त्यांचंही प्रमाण बदलतं. पण त्या एकत्रितपणे प्लीहेला काय सांगतात, हे या प्रयोगाने पाहिलं. दाह निर्माण करणारा जो स्विच आपल्या बचावासाठी आहे, तोच परजीवीला आसरा मिळवून देतो.

प्लीहेत खरंच इतके परजीवी असतात का? याचा दाखला पुढच्याच वर्षी इंडोनेशियाच्या पापुआ प्रांतातून आला. तिथल्या तिमिका भागात अपघात वगैरे कारणांनी ज्यांची प्लीहा काढावी लागली, त्यांच्या त्या प्लीहा तपासल्या गेल्या. या लोकांना तापही नव्हता. तरी व्हायव्हॅक्स असलेल्यांच्या शरीरातल्या रक्तावस्थेतल्या परजीवींपैकी ९८ टक्क्यांहून अधिक प्लीहेत होते. बोटातून घेतलेल्या थेंबात जे दिसत होतं, ते उरलेल्या दोन टक्क्यांमधलं होतं.

आपल्या अहवालातला ‘एक प्लस’ यानंतर वेगळ्या नजरेने वाचावा लागतो. त्या काचपट्टीवर फिरत्या रक्तातले परजीवी मोजलेले असतात. प्लीहेतले तिच्यावर येत नाहीत. अस्थिमज्जेत दडलेले येत नाहीत आणि व्हायव्हॅक्सचे जे परजीवी यकृतात झोपून राहतात आणि पुढे जागे होऊन पुन्हा ताप आणतात, ते तर मुळीच येत नाहीत.

कृमींची शांतता

पुटिकांची ही चाल एकट्या मलेरियाची नाही. काळा आजार आणणाऱ्या लीशमेनियाच्या पुटिका मोनोसाइटना दाह कमी करणाऱ्या आयएल-१० कडे झुकवतात, असं २०१० मध्ये दिसलं. २०१५ मध्ये तर आढळलं की वाळूमाशी चावते तेव्हा परजीवीसोबत त्याच्या पुटिकाही टोचल्या जातात आणि उंदरांमध्ये त्यामुळे जखम अधिक चिघळते.

कृमी याहून शांतपणे काम करतात. एडिनबरामध्ये एमी बक यांच्या गटाने उंदराच्या आतड्यातल्या एका गोलकृमीच्या पुटिका तपासल्या. त्यांत कृमीचे सूक्ष्म आरएनए होते आणि ते उंदराच्या पेशींतल्या जनुकांवर परिणाम करत होते. बुरशीमुळे फुप्फुसात उठणारी ॲलर्जीची प्रतिक्रिया या पुटिका दिल्यावर बरीच कमी झाली. २०१४ मधल्या या निष्कर्षाने दमा-ॲलर्जीच्या संशोधकांचेही कान टवकारले.

ठाणे आणि पालघर जिल्ह्यांशी याचा संबंध फार लांबचा नाही. हत्तीरोग असलेल्या महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांच्या यादीत हे दोन्ही येतात. आपल्याकडचा हत्तीरोगाचा कृमी वुचेरेरिया माणसाबाहेर वाढवणं कठीण, म्हणून प्रयोगशाळेत त्याचा चुलतभाऊ ब्रुगिया वापरतात. ब्रुगियाच्या पुटिका भक्षक पेशी गिळतात आणि त्यांत सूक्ष्म आरएनए असतात, असं २०१५ मध्ये दिसून आलं. हत्तीरोगाचे कृमी वर्षानुवर्षं माणसाच्या लसवाहिन्यांत राहतात आणि अनेकांना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. त्या गप्प राहण्यामागे अशा पुटिकांचाही हात असावा, असा तर्क संशोधक मांडतात. म्हणूनच आरोग्यसेविका दारात हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन येतात, तेव्हा ‘मला काही होत नाही’ हे त्या नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही.

पुटिकांकडून आपल्याला काय मिळेल

जी गोष्ट परजीवीच्या कामी येते, ती आपल्याही कामी येऊ शकते. २०११ मध्ये देल पोर्तिल्यो यांच्या गटाने मलेरियाग्रस्त उंदरांच्या कोवळ्या लाल पेशींतले एक्झोसोम गोळा केले आणि ते दुसऱ्या उंदरांना लसीसारखे टोचले. पुढे मलेरियाचा प्राणघातक वाण टोचल्यावर या उंदरांपैकी बरेच वाचले. ज्या पुटिका फसवतात, त्याच ओळख पटवून देण्यासाठीही वापरता येतात, याचा हा पुरावा.

माणसांसाठी अशी लस अजून दूर आहे. मलेरियाच्या दोन लशींची जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली आहे, एकीची २०२१ मध्ये आणि दुसरीची २०२३ मध्ये. दुसरी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. दोन्ही फॅल्सिपेरमविरुद्ध आहेत. व्हायव्हॅक्सविरुद्ध मान्यता मिळालेली एकही लस आज बाजारात नाही.

दुसरी आशा निदानाची. लपलेल्या परजीवीला काचपट्टीवर पकडता येत नाही, पण त्याच्या पुटिका रक्तात फिरत राहतात. यकृतात झोपलेल्या अवस्थेची खूण त्या पुटिकांत सापडते का, यावर काम सुरू आहे. ती सापडली, तर कुणाला पुन्हा ताप येणार हे आधीच सांगता येईल. आज तशी चाचणी उपलब्ध नाही.

चौदा दिवस

तोवर घोडबंदर रोडवर राहणाऱ्याच्या हातात काय आहे? जे आहे ते जुनं आहे, पण पुटिकांच्या या ज्ञानाने त्याला नवं वजन आलं आहे.

व्हायव्हॅक्सवर राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन दिलं जातं. क्लोरोक्विन रक्तावस्थेतल्या परजीवींना मारतं आणि ताप एक-दोन दिवसांत उतरतो. यकृतात झोपलेल्या परजीवींवर ते चालत नाही. त्यासाठी प्रायमाक्विन. गरोदर स्त्रियांना आणि तान्ह्या बाळांना ते देत नाहीत, आणि ज्यांच्यात जी-६-पीडी या विकराची कमतरता आहे, त्यांच्या लाल पेशी त्याने फुटू शकतात. म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं. डोस ठरतो वजनावरून. अहवालात प्लस किती, यावरून नाही. अनेक लोक ताप उतरला की चौथ्या-पाचव्या दिवशी गोळ्या सोडतात आणि दोन-तीन महिन्यांनी तोच ताप परत आला की ‘पुन्हा डास चावला’ म्हणतात. अनेकदा डास पुन्हा चावलेला नसतो. पहिलाच परजीवी जागा झालेला असतो.

बांधकामाच्या बाबतीत गोव्याचा धडा शेजारीच आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कांदोळीत मलेरियाची साथ आली. तिच्यामागेही बांधकामं आणि हाच डास होता. पुढे तिथे मजुरांची रक्ततपासणी, त्यासाठी आरोग्यकार्ड आणि साठलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडणं असे उपाय झाले. गेल्या काही वर्षांत गोव्यातला मलेरिया अगदी थोडा उरला. ठाण्यातही आठवड्यातून एकदा पाण्याची पिंपं रिकामी करून पाळलेला कोरडा दिवस, टाक्यांना घट्ट झाकणं, लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी उपसणं आणि साइटवर ताप आलेल्या प्रत्येक मजुराचं रक्त त्याच दिवशी तपासणं, हे बिल्डरच्या आणि सोसायटीच्या आवाक्यातलं आहे. मजुराची मजुरी बुडणार नाही असं पाहिलं, तर तो ताप लपवणार नाही.

देशाने २०३० पर्यंत मलेरिया संपवण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. त्याच्या वाटेत सर्वांत चिवट अडथळा व्हायव्हॅक्सच ठरेल, कारण तो दिसतो त्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. ‘साधा मलेरिया’ हा शब्दप्रयोग आता सोडून द्यायला हवा. आणि घरात कुणाला व्हायव्हॅक्स निघाला, तर डॉक्टरांनी लिहून दिलेली प्रायमाक्विनची शेवटची, चौदाव्या दिवसाची गोळी पोटात जाईपर्यंत त्याला बरा झालेला समजू नका.